चिखलाचं गाव आणि तोटीची चावी

माझी नात सुट्टीत परभणीला आली की फोनवर शहर बांधत बसते. एकटी नाही. पुण्याच्या, नागपूरच्या मैत्रिणी, कोण कुठली पोरं, सगळी मिळून एकच शहर. परवा ती रडवेली होऊन माझ्याकडं आली. तिनं बांधलेला पूल कुणीतरी पाडला होता आणि सगळ्यांच्या सामाईक कोठारातलं लाकूडही पळवलं होतं. मी विचारलं, "पाडायची परवानगी कुणाकुणाला दिली होतीस?" ती म्हणाली, "सगळ्यांनाच." मी म्हटलं, "मग बस आता रडत."

तिला वाटलं, आजीला यातलं काय कळतंय! अगं बाई, तुझ्या बापाचं लग्न व्हायच्या आधीपासून हाच उद्योग केलाय मी. फोन नव्हता, चिखल होता, एवढाच फरक. या अंकासाठी मला नोकरीतली एखादी गंमत लिहायला सांगितलीय. लिहिते. पण गमतीनं सुरू झालेली ही गोष्ट गमतीत संपली नाही. मला आजही तिचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरायचं आणि तिथून पायी शाळेच्या गावाला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या चार जण दारात येऊन उभे राहतील, आणि आता भांडायला मला आवाज राहिलेला नाही. माझ्याकडं कार्यानुभव हा विषय होता. म्हणजे हातानं काहीतरी करायला शिकवायचं. बाकीचे मास्तर त्याला विषय मानतच नव्हते. त्या तासाला पोरांकडून मैदान झाडून घ्यायचं, हेडमास्तरांसाठी चहा आणवायचा, झाला कार्यानुभव. मला त्याची भयंकर चीड होती. म्हणून मी 'गाव-गाव' सुरू केलं.

शाळेमागं पडीक जागा होती. पाऊस उघडला की तिथं तिसरी-चौथीच्या पोरांनी चिखलाचं गाव बांधायचं. चार-चार पोरांचा एक गट. प्रत्येक गटाला दोरीनं आखलेली जागा. त्यात घर बांधा, गोठा बांधा, तुमची मर्जी. माती, पाणी, खोरी, घमेली आणि रस्ता मात्र सगळ्यांचं. पाण्यासाठी डांबराचा जुना ड्रम घासूनपुसून ठेवला होता. पूर्ण्याच्या एका मिस्त्रीकडून त्याला खाली तोटी बसवून घेतली होती. तोटीची चावी वेगळी निघायची. चावी नसेल तर कितीही जोर लावा, थेंब पडायचा नाही.

पहिल्या वर्षी मी आपली भाबडी. सगळ्यांना सगळं करायची मुभा. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर गाव भुईसपाट! दोघा भावांनी सगळ्यांच्या छपराच्या काड्या उपसून आपल्या वाड्याला लावल्या होत्या. वर मलाच म्हणतात, "बाई, तुमीच म्हणलाव की सगळं सगळ्यांचं हाय." मी कपाळावर हात मारून घेतला. मग नियम केला. आपल्या दोरीच्या आत काय हवं ते करा, दुसऱ्याच्या दोरीच्या आत बोट लावायचं नाही. आणि जे सामाईक आहे त्याला एकेक राखणदार. मातीचा एक, पाण्याचा एक, रस्त्याचा एक. दर सोमवारी राखणदार बदलायचा, हजेरीपटातल्या नंबरानं. कुणाच्या वशिल्यानं नाही, नंबरानं.

तरी पोरं लई हुशार. एका मातीच्या राखणदारानं चाळलेली माती मामेभावाला दिली आणि बाकीच्यांच्या घमेल्यात खडे ओतले. तेव्हा आणखी एक नियम आला. राखणदारानं स्वतःच्या गटाला सगळ्यांत शेवटी द्यायचं. एका दिवसात माती चाळून मिळायला लागली, कारण खाली उरलेले खडे आता त्याच्याच नशिबी येणार होते. बाई म्हणून मला एकच अधिकार होता, शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांचंच काम थांबायचं. एकट्याचं थांबवायचा अधिकार मी मुद्दाम ठेवला नव्हता. मास्तरला एकेकाला थांबवायची सवय लागली की तो नेमका कुणाला थांबवतो, ते मी माझ्या शाळेत बघितलं होतं.

एकदा तपासणीला साहेब आले. बूट घालून थेट गावाच्या मधोमध. "यात मंदिर कुठं दिसत नाही," म्हणाले. रस्त्याची राखण त्या आठवड्यात एका चिमुरडीकडं होती. ती पुढं झाली आणि म्हणाली, "साहेब, घरावर पाय द्यायलाव तुमी. रस्त्यानं या." साहेब निमूट मागं फिरले आणि वीतभर रुंदीच्या रस्त्यावरून एकेक पाऊल जपून टाकत आले! मला हसू आवरेना. हेडमास्तरांचा चेहरा मात्र पांढराफटक. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या खेळावर डूख धरला.

आता मूळ गोष्टीवर येते.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा तापलेला. कुठल्या गावात वस्ती पेटवली, कुठल्या गावात दळण बंद केलं, रोज काही ना काही कानावर यायचं. आमच्या गावात तसं काही झालं नव्हतं, पण पारावरची माणसं वस्तीतल्या माणसांशी बोलेनाशी झाली होती. गाडीत आमच्या शाळेचे मास्तर मोठमोठ्यानं बोलायचे आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. बोलायला तोंड उघडलं तर घसा बसेपर्यंत भांडण व्हायचं, म्हणून.

चौथीत शोभा होती. वस्तीतली पोरगी. हाताला वेगळंच कसब. तिच्या गटाची भिंत कधी तडकायची नाही, कारण चिखलात भुसा किती घालायचा ते तिला बरोबर कळायचं. तिची आई शेवंताबाई दत्तरावांच्या शेतात रोजानं जायची. दत्तराव म्हणजे गावातली मोठी असामी, साठ-सत्तर एकराचा धनी. त्यांचा धाकटा दिनकर शोभाच्याच वर्गात. पोरगं वाईट नव्हतं, पण घरात कुणी कधी 'थांब' म्हटलेलं नसल्यानं त्याला थांबायची सवयच नव्हती.

त्या सोमवारी पाण्याची चावी शोभाकडं येणार होती. तिचा नंबर होता, बास. आदल्या शनिवारी मी तसं वर्गात सांगितलं. शोभानं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही. चावीला बांधायला ती घरून नवा नाडा आणणार होती.

सोमवारी मी शाळेत पोचते तर मागच्या फाटकाशी दत्तराव उभे. बरोबर आणखी चार-पाच जण. हेडमास्तर त्यांच्यापुढं हात जोडल्यासारखे.

"बाई, तुमचा खेळ लय चांगलाय," दत्तराव म्हणाले. "आमचं दिन्या घरी बी तेच बोलत असतंय. पर ही पानी वाटायची जिम्मेदारी जरा बगून देत जा."

"नंबरानं देते," मी म्हटलं. "आज शोभाचा नंबर आहे."

"नंबर शाळंत असतोय. गावात रीत असतीय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दत्तराव, ते प्यायचं पाणी नाही. चिखल कालवायचं पाणी आहे. चिखलाला विटाळ होतो का?"

हेडमास्तर मध्ये पडले. "बाई, शब्दानं शब्द वाढवू नका. तिला रस्ता द्या या आठवड्याला. रस्ता झाडायचं कामही चांगलंच आहे. पाणी पुढच्या नंबराला द्या."

मी ठणकावून सांगितलं, "मला तो अधिकार नाही. शिट्टी वाजवून सगळ्यांचा खेळ बंद करता येतो, एकटीचा नंबर काढून घेता येत नाही. नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय ना?"

"म्हणूनच मोडता येत नाही."

एवढ्यात शेवंताबाई आल्या. शेतावर निघालेल्या, डोक्याला फडकं, कमरेला विळा. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं असणार. त्यांनी दत्तरावांकडं बघितलंही नाही. मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तिला नगा देऊ ती चावी. तुमी संध्याकाळच्या गाडीनं परभनीला जाताव. आमी हितंच निजताव."

कुणाचं तरी पोटचं पोर, कुणाचं तरी घर, आणि मी नियमाच्या गप्पा मारतेय. मी शिट्टी काढली. म्हटलं, बंद करून टाकावं सगळं. दिनकरचाही खेळ बंद होईल, शोभाचाही, आणि निदान कुणी एकटं पडणार नाही.

तेवढ्यात मागून बादल्यांचा आवाज आला. शोभा आणि वस्तीतली तिघं पोरं हापशावरून पाणी आणून ड्रम भरत होती. रोज सकाळचं काम. भरायच्या पाळ्या मी सगळ्या गटांना लावून दिल्या होत्या, पण दोन दिवस कुणी भरायचं, मग कुणाचा पाय दुखायचा, कुणाला आई बोलवायची. मी ओरडले की एक दिवस यायचे. पुन्हा तेच. शेवटी ड्रम भरत कोण होतं, तर वस्तीची पोरं. शोभाच्या हाताला बादलीच्या कडीचा वळ उठलेला मी स्वतः बघितलाय.

हेडमास्तर त्या पोरांकडं बोट दाखवून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाले, "मग हे भरणंसुद्धा बंद करू का, दत्तराव?"

दत्तराव मोठ्या मनानं हसले. अगदी मोठ्या मनानं! म्हणाले, "छे छे. भरायला माजी कवा ना हाय? भरू द्या की. इतके दिवस भरायलेत, कुनी काय म्हणलं का? निसतं वाटायला दुसरं कुनी तरी ठिवा. त्या पोरीनं माज्या पोराला 'थांब' म्हणायचं, हे बगायला बरं दिसत न्हाई."

म्हणजे विटाळ नव्हताच! त्याच हातानं भरलेलं तेच पाणी. हापशाचं हँडल तिनं मारलेलं चालतं, बादली तिनं उचललेली चालते, त्या पाण्यानं दिनकरची भिंत उभी राहिलेली चालते. फक्त तिनं तोटी फिरवायची नाही. का, तर तिला 'थांब' म्हणायचा अधिकार येतो. इतकी वर्षं धर्म, रीत, परंपरा असं बरंच काही ऐकवलं होतं लोकांनी मला. त्या दिवशी त्या माणसानं फाटकात उभं राहून एका वाक्यात सगळं उघडं करून टाकलं आणि त्याला ते कळलंही नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण बोलले ती मी नव्हे.

शेवंताबाई इतका वेळ पदराचं टोक चघळत उभ्या होत्या. त्यांनी पदर सोडला. दत्तरावांकडं एकदा नीट बघितलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, आणि हाक मारली, "शोभे!"

शोभा बादली ठेवून आली.

"चावी घे."

"शेवंते," दत्तराव म्हणाले, "ध्यानात ठिव."

"हाय ध्यानात, मालक," त्या म्हणाल्या. "शोभे, घे म्हणलं ना."

चावी माझ्या पर्समध्ये होती. मी काढून शोभाच्या हातात दिली. तिनं तिला लाल नाडा ओवला, गळ्यात घातली आणि ड्रमकडं गेली. पोरं सवयीनं रांगेत उभी राहिली, घमेली घेऊन. त्यांना फाटकातलं राजकारण काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांनाही पाणी हवं होतं, कारण ऊन चढायला लागलं होतं आणि भिंती वाळत होत्या. रांगेत पहिला दिनकर.

शोभानं चावी बसवली. तोटीवर हात ठेवला.

"दिन्या, हिकडं ये!" फाटकातून आवाज आला.

दिनकर जागचा हलला नाही, पण घमेलंही पुढं करेना. एकदा बापाकडं बघतो, एकदा आपल्या भिंतीकडं. कोपऱ्यातून भिंत तडकायला लागली होती. सगळी रांग त्याच्यामागं तटून राहिली.

शोभा म्हणाली, "घ्यायलास का? न्हाई तर बाजूला हो. मागं लोकं हायत."

आवाज चढलेला नव्हता. रेशन दुकानदार म्हणतो ना, तसं. मी हे कुणाला शिकवलेलं नव्हतं. राखणदाराचं काम करणारं प्रत्येक पोर असंच बोलायचं. तपासणीच्या साहेबांनाही असंच ऐकावं लागलं होतं आणि तेव्हा सगळे हसले होते.

दिनकर बाजूला झाला. त्याच्यामागची दोन पोरं पण झाली. त्यांच्या मागच्यानं घमेलं पुढं केलं, शोभानं तोटी फिरवली आणि रांग सरकायला लागली. शोभानं एकेकाला मोजून पाणी दिलं, आणि नियमाप्रमाणं आपल्या गटाला शेवटी दिलं. तोवर ड्रमच्या तळाशी गाळ आला होता. तो तिनं मुकाट्यानं घेतला.

दत्तरावांनी येऊन दिनकरला दंडाला धरून नेलं. जाता जाता त्याच्या पायानं त्याच्याच गोठ्याची भिंत पडली. पोरगं रडत होतं. कशासाठी रडत होतं कोण जाणे. मला त्याच्यासाठीही वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला.

दुपारच्या सुट्टीत हेडमास्तरांनी लेखी नाही, तोंडी हुकूम काढला. खेळ बंद. ड्रम भांडारात. त्यांनी स्वतः जाऊन शोभाच्या गळ्यातली चावी काढून घेतली, नाड्यासकट. मी भांडले. इतकी भांडले की बाजूच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं डोकं फिरलंय." फिरलं होतंच. कुणाचं फिरू नये? दिवाळीनंतर माझी बदली पाथरीकडच्या एका शाळेत झाली. मला त्याचं काही नाही. नोकरीत बदल्या व्हायच्याच. पाथरीच्या शाळेतही मी 'गाव-गाव' चालवलं आणि भरायलाही राखणदार नेमला.

पण शेवंताबाईंना दुसऱ्या दिवसापासून दत्तरावांच्या शेतात काम मिळेना. त्यांच्या शेतात नाही म्हटल्यावर कुणाच्याच शेतात नाही. कुणी भांडलं नाही, हातही उचलला नाही, कुणी काही पेटवलं नाही. सकाळी कामाला गेलं की "आज न्हाई" एवढंच. दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक आला. दर वर्षी ऊसतोडीला गावातली काही कुटुंबं जायचीच. या वर्षी त्यांच्याबरोबर शेवंताबाई, नवरा आणि शोभा. चौथीचं अर्धं वर्ष झालं होतं.

मला कळलं तेव्हा मी शाळा सोडून वस्तीकडं पळत गेले. ट्रक रस्त्याला उभा होता. शेवंताबाई भांड्यांचं गाठोडं बांधत होत्या. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "शेवंताबाई, माझ्यामुळं तुमच्यावर ही पाळी आली."

त्यांनी गाठ आवळली आणि माझ्याकडं बघितलं. रागच होता त्या नजरेत, आणि तो दत्तरावांवरचा नव्हता.

"तुमच्यामुळं कशी?" त्या म्हणाल्या. "चावी घे म्हणून मी म्हणलं. तुमी शिट्टी धरून हुभ्या हुत्या."

खरं होतं. मी डोळे पुसले. रडायचा अधिकार मला नव्हता तिथं.

शोभा ट्रकच्या फाळक्याशी उभी होती. पायात आईच्या मापाच्या चपला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, गुढीपाडव्याला परत आलीस की शाळेत ये, नाव कमी होऊ देत नाही. तिनं मान हलवली. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती.

"बाई, माजा आठवडा ऱ्हायला हुता," ती म्हणाली. "चावी कुनाला दिली?"

"कुणालाच नाही गं. हेडमास्तरांकडं आहे. त्यांच्या खणात."

ट्रक सुरू झाला होता, आतून आई हाका मारत होती. पोरीचा चेहरा संतापानं लाल झाला.

"त्यंचा नंबर न्हवता," ती म्हणाली आणि वर चढली.